माप कशाशी?

ताईने गर्भाशयमुखाच्या ऊतीचा तुकडा संशोधनासाठी दिला, तेव्हापासून मी मायक्रोआरएनएविषयी वाचू लागले. सुमारे 22 घटकांचा हा इवला रेणू जनुकांना आवर घालतो. कर्करोगात त्याचे प्रमाण बदलते. पण बदलले, हे ठरवायचे कशाच्या तुलनेत? दोन तुकड्यांतून निघणारा आरएनए सारखा नसतो. स्थिर संदर्भ हवाच. पुष्कळदा ‘यू6’ घेतात, बहुधा रूढीने. तो स्वतः मायक्रोआरएनए नव्हे, शिवाय रोगट ऊतीत तोही हलू शकतो. मग तराजूचे वजनच खोटे! निरोगी व रोगट, दोन्ही ऊतींत पारखून स्थिर ठरलेले दोन-तीन संदर्भ एकत्र धरणे बरे.

परवा ‘नवी चाचणी’ वाचून ताईने विचारले, “करू या का?”

“आधी त्यांचे माप विचारू. तोवर तुझी नेहमीची तपासणी चुकवायची नाही.”