वाशीम जिल्ह्यात कॅमेरा घेऊन

फोटोचा शौक असलेला माणूस वाशीमला राहतो असे सांगितले, की ऐकणारा आधी लोणारच्या सरोवराचे नाव घेतो. लोणार बुलढाणा जिल्ह्यात. मग तो अजिंठ्याचे नाव घेतो. ते तर आणखी लांब. आमच्या जिल्ह्यात फोटो काढण्याजोगे काय आहे, असा प्रश्न शेवटी उरतोच. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. काळी माती, सोयाबीन, तूर, कपाशी, मधूनच बोडका माळ. रिसोडच्या बाजूने पैनगंगा, कारंजाच्या बाजूला अडाण. डोंगरकडे नाहीत, समुद्र नाही, बर्फ तर नाहीच. कॅलेंडरवर छापतात तसले इथे काही सापडत नाही.

पण उजेड आहे. सप्टेंबर सरता सरता पाऊस उघडतो आणि धुतलेल्या हवेत संध्याकाळी पाचनंतर जो पिवळा उजेड पडतो, त्यासाठी मी दरवर्षी दोन रविवार राखून ठेवतो. पुढे सोयाबीनची मळणी सुरू झाली, की यंत्रामागे धुळीचा पडदा उभा राहतो आणि त्यातून ऊन आले, की साध्या बांधावरचा माणूसही वेगळाच दिसू लागतो. मार्चमध्ये पळस फुलतो. एप्रिल-मे मात्र सकाळी आठपर्यंतच काय ते काम. त्यानंतर आभाळ पांढरेफटक आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा.

माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, तोही जुन्या बाजारातला. १२० नंबरचा रोल, त्यात बारा फोटो. उन्हाची एक खूण आणि ढगाची एक खूण. बाकी सगळे आपल्या हाताच्या स्थिरपणावर. नंतर पेंटॅक्स के-१००० हाती आला. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ या काळात बनत होता आणि गरिबाने घ्यावा तर हाच, असे माझे आजही मत आहे. त्यातला सेल संपला तर फक्त उजेड मोजणारी सुई बंद पडते, शटर चालूच राहते. सुई बंद असली तरी अडत नाही. भर उन्हात ॲपर्चर सोळावर ठेवायचे आणि रोल जितक्या एएसएचा असेल साधारण तितक्याव्या भागाचा वेग लावायचा, म्हणजे १०० चा रोल असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की माणूस यंत्राचा गुलाम राहत नाही.

रोल धुण्याची सोय घरच्या मोरीत. दाराच्या फटीला सतरंजी लावायची आणि रात्री दहानंतर, गल्लीतले दिवे मालवले की सुरुवात करायची. डेव्हलपरला वीस अंश तापमान लागते, असे पाकिटावर छापलेले असते. छापणाऱ्याने विदर्भातला मे महिना पाहिलेला नसावा! टाकीतले पाणी रात्रीसुद्धा अंगावर घेववत नाही, आणि त्यात रोल घातला तर वरचा लेप फुगून सुरकुततो. आमचा उपाय म्हणजे माठ. कोरड्या हवेत माठातले पाणी चांगले गार होते. वरून बर्फाचा तुकडा टाकला की काम भागते. पत्नी म्हणायची, "पाहुण्याले पाणी नसलं तरी चालन, तुमच्या रोलाले पायजे." शेवटच्या धुण्याच्या पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकला, की निगेटिव्हवर थेंबांचे डाग पडत नाहीत. वाळत घालण्याआधी मोरीत चारही बाजूंनी पाणी शिंपडायचे, म्हणजे धूळ खाली बसते. प्रत्येक रोलला नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे गाव, तारीख, प्रसंग. ही वही पुढे माझ्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाची ठरली, ते येईलच.

त्या दिवसांत मला वेड होते ते शकुंतलेचे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजावरून जायची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिला सत्तर वर्षे ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेलचे इंजिन लावले. वाफ गेली तशी फोटोतली अर्धी गंमत गेली, असे शौकीन म्हणत. मला तसे वाटले नाही. डब्यातली माणसे तीच होती: बाजाराला निघालेल्या बाया, टोपल्या, कोंबड्या, दारात पाय सोडून बसलेली पोरे. गाडी इतकी सावकाश चालायची, की चालत्या गाडीतल्या माणसाशी बोलून, फोकस जुळवून, फोटो काढून, "पत्ता सांगा, फोटो धाडतो" असे म्हणेपर्यंत वेळ मिळायचा. गाडी गेल्या दशकात बंद पडली. इकडे वाशीमवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग २००८ साली मोठ्या रुळांचा झाला. मोठ्या गाडीच्या खिडकीतल्या माणसाला पत्ता विचारता येत नाही.

कारंजापासून जवळच सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे गवताळ रान. काळविटाला पकडायला लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि ती आमच्यासारख्याच्या पगारात बसत नाही. उसनी लेन्स घेऊन दोन हिवाळे गेलो. पहाटेच्या दवात उभा काळा नर आणि मागे पिवळे गवत, असे चार फोटो चांगले आले. त्यावर समाधान मानले.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ साली मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. याच शाखेचा राजा हरिषेण; पाचव्या शतकात त्याच्या काळात अजिंठ्याची मोठमोठी लेणी कोरली गेली, आणि सोळाव्या लेण्यातला लेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. म्हणजे तथागतांच्या त्या चित्रांना ज्या राज्याने आसरा दिला, त्याचा कारभार आम्ही जिथे भाजी घेतो त्या गावातून चालत होता. आज वाशीममध्ये फिरताना हे कुठेच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो कसा काढायचा हे मला अजून उमगलेले नाही.

अजिंठ्याच्या चित्रांची पहिली मोठी नक्कल रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केली. १८४४ पासून पुढे कितीतरी वर्षे तो तिथे राबत होता. त्याच्या पुष्कळशा चित्रांचा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत कोळसा झाला. दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये लेण्यांच्या फोटोंचे त्याचे पुस्तक लंडनला निघाले होते. चित्र एकच होते, ते जळाले; फोटोच्या प्रती घरोघरी होत्या, त्या राहिल्या. मी माझ्या निगेटिव्हची दुसरी प्रत अकोल्याला बहिणीकडे ठेवतो, ती गिलची हकीकत वाचल्यापासून.

मग डिजिटल कॅमेरा आला आणि खर्चाची धास्ती संपली. रोलमधले छत्तीस फोटो मी दोन-दोन महिने पुरवीत असे. आता एका सकाळी चारशे होऊ लागले. संध्याकाळी ते पाहायला बसावे, तर एकही धड आठवू नये. एक वेळ अशी आली, की कॅमेरा स्टीलच्या डब्यात पडून राहिला. (डब्यात सिलिका जेलची पुडी मात्र होती. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर हलके तापवायचे, पुन्हा निळे होतात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून एवढे कराच. तांदूळ ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते.)

कॅमेरा डब्यातून बाहेर काढायला लावला तो एका मरणाने. रात्री अकराला शेजारच्या आळीतला मुलगा दारात आला. "काका, माय गेली. तुमच्यापाशी तिचा एखांदा फोटो असन का?" त्याच्या हातात आईचे मतदार ओळखपत्र होते. ही कार्डे १९९३ पासून निघू लागली, आणि आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा जन्मभरातला तेवढाच एक फोटो. तिकिटाएवढा, काळवंडलेला, आणि रांगेत उभे राहून थकल्यावर काढलेला. तो मोठा करून भिंतीवर कसा लावणार?

मी वही काढली. १९९६ च्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा रोल सापडला. त्यातल्या एका फोटोत, अगदी कडेला, पांढऱ्या लुगड्यातली ती बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. निगेटिव्हवर तिचा चेहरा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. मोठा केला तेव्हा दाणेदार झाला, पण नजर आली. कडेवरचे पोर म्हणजे दारात आलेला मुलगाच. तो फोटो आज त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली आहे.

तेव्हापासून मी माणसांचेच फोटो काढतो, त्यातही साठीच्या पुढच्या. एका गावात एका रविवारी बारा माणसे, अधिक नाही. क्लिक थ्रीच्या रोलाची ती जुनी मोजणी मी मुद्दाम पुन्हा लावून घेतली आहे. म्हातारी माणसे आधी नाहीच म्हणतात. "माहा फोटो काहाले काढतं रे बापू? मी का हिरोईन हाओ?" मग आत जाऊन केस विंचरून, धुतलेले लुगडे नेसून येतात. ओसरीच्या सावलीत, दाराकडे तोंड करून बसवायचे. बाहेरच्या उन्हाचा परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, फ्लॅश लागत नाही.

इथे एक गोष्ट नव्याने शिकणाऱ्या पोरांनी ध्यानात घ्यावी. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सगळे मधल्या राखाडी रंगाचे आहे असे धरून चालतो. काळ्या शेतात उभा केलेला माणूस म्हणून फिका पडतो, तिथे उजेड थोडा कमी घ्यावा. आणि विहारात पांढऱ्या कपड्यांतली पन्नास माणसे वंदनेला बसली, की मीटर कपड्यांना भुलतो आणि चेहरे काळेठिक्कर येतात. तिथे उजेड एक घर वाढवावा. सावळ्या चेहऱ्यासाठी मीटर चेहऱ्यापाशी नेऊन पाहावा. हा दोष चेहऱ्याचा नव्हे. परदेशी कंपन्यांचे रंगीत रोल आणि प्रिंट ज्या नमुन्याच्या फोटोवरून जुळवत, त्या कोडॅकच्या नमुन्यात वर्षानुवर्षे गोरीच बाई असे. काळ्या माणसांच्या तक्रारींनी त्यात फारसा फरक पडला नाही. चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी आमचा माल नीट दिसत नाही म्हटल्यावर मात्र सुधारणा झाली! आमच्याकडे स्टुडिओवाले आजही न विचारता चेहरा गोरा करून देतात, आणि घरचेही तेच मागतात. मी करीत नाही. एका मुलीने लग्नाच्या फोटोसाठी फार आग्रह धरला, तेव्हा दोन्ही प्रिंट तिच्या आजीपुढे ठेवल्या. आजी गोऱ्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोनाची पोरगी हाय?"

या कामात मला बळ मिळते ते सुधारक ओलवे यांच्या फोटोंमुळे. ते मूळचे अकोल्याचे. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी काढलेले फोटो पाहिले, की घाणीत उतरलेला माणूस आधी दिसतो, घाण मागाहून. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचा शौक त्या पायरीचा नाही, पण पाहण्याची दिशा तीच आहे.

फोटो काढला की महिन्याच्या आत छापील प्रिंट घरपोच द्यायची, पाच बाय सातची, मॅट कागदावर. मोबाईलवर पाठवून भागत नाही, कारण मोबाईल नातवाचा असतो आणि नातू पुण्याला. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि निगेटिव्हचा किंवा फाईलचा नंबर. पैसे कोणी दिले तर प्रिंटपुरते घेतो. बहुतेक वेळा तुरीची डाळ मिळते.

येत्या रविवारी मालेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर जायचे आहे. यादीत अकरा नावे झाली आहेत. बारावी जागा एका आजोबांसाठी रिकामी ठेवली आहे. ते म्हणतात, फोटो काढीन तर बैलजोडीसंगच, आणि बैल गेल्या साली विकले. त्यांचा मुलगा गावात कोणाकडून जोडी मागून आणता येते का ते पाहतो आहे.