दोन इंचांचा हिशेब

‘चाकोरी’ हा शब्द आम्ही गेली वीस वर्षे वर्गात लक्षणेनेच वापरत आलो आहोत. चाकोरीबद्ध कथा, चाकोरीबाहेरची कविता, वगैरे. चाकांनी मातीत पाडलेली घळ हा त्याचा मूळ अर्थ एका वाक्यात उरकायचा आणि पुढे जायचे. या वाच्यार्थाचे सविस्तर अध्यापन आमच्यासाठी खडवलीच्या एका वाटेने केले. भातसा नदीच्या पलीकडे आमच्यातील एकीची आई, म्हणजे दुसऱ्याच्या सासूबाई, एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे थकलेले, आणि घर सोडून कल्याणला येण्यास ठाम नकार. डांबरी रस्ता संपल्यावर त्यांच्या घरापर्यंत दीडेक किलोमीटरची वाट भातखाचरांच्या कडेने जाते. आषाढात चिखलणीचे ट्रॅक्टर त्या वाटेवर अशा काही चाकोऱ्या पाडतात की दोन्ही चाके घळीत आणि मधला मातीचा वरंबा गाडीच्या पोटाला, अशी अवस्था होते. रात्रीबेरात्री आईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, हा प्रश्न दर पावसाळ्यात आमच्या घरात मुक्कामाला असतो.

गाडी आहे जुनी जिप्सी. मारुतीने 1985 साली आणलेले हे वाहन भारतीय सैन्याने दशकानुदशके वापरले; 2019 पर्यंत ते नवे मिळत असे. आजच्या बहुतेक मोटारींत सांगाडा आणि बॉडी एकजीव असतात. जिप्सीचे तसे नाही. खाली शिडीच्या आकाराची चासी, तिच्यावर रबरी बुश ठेवून बोल्टांनी आवळलेली बॉडी. म्हणूनच तिला ‘बॉडी लिफ्ट’ करता येते. बोल्ट सोडायचे, बॉडी जॅकवर उचलायची, चासी आणि बॉडी यांच्यामध्ये नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे घालायचे आणि लांब बोल्टांनी पुन्हा आवळायचे. एक, दोन, तीन इंच, जशी हौस तशी उंची. पाटे बदलण्यापेक्षा खर्च कमी, आणि गाडी दिसते मोठी रुबाबदार. आमच्यातील एकाचा कल अर्थातच या रुबाबाकडे होता. कोण ते वाचकांनी ओळखावे.

कल्याणच्या ज्या गॅरेजात आम्ही चौकशीला गेलो तेथील मिस्त्रींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, पँट वर खोचली म्हणून बूट चिखलातून वर येतात का?”

अलंकारशास्त्राच्या तासाला इतका नेमका दृष्टान्त आम्हांला सुचलेला नाही. बॉडी वर गेली तरी चासी जागेवरच राहते. इंजिन, गिअरबॉक्स हेही चासीवर बसलेले. ते एक सूतही हलत नाही. वरंब्याला जे घासते ते मागच्या आसाच्या मध्यावरचे डिफरन्शिअल, आणि त्याची जमिनीपासूनची उंची ठरते ती केवळ टायरच्या घेरावर. मग बॉडी लिफ्ट हवी कशाला? तर मोठे टायर मडगार्डला न घासता बसावेत म्हणून. म्हणजे ठोकळे हे साधन. उंची देणार टायर.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मराठीच्या प्राध्यापकांना हे शोभत नाही असे आमचे गणिताचे सहकारी म्हणतात, पण असो. 205/70 आर 15 या टायरचा व्यास साधारण 668 मिलिमीटर. 235/75 आर 15 घेतला तर 733 च्या आसपास. फरक पासष्ट, आणि आस असतो चाकाच्या मध्यावर, म्हणून डिफरन्शिअलला मिळणार त्याच्या निम्मे: तेहेतीस मिलिमीटर, जेमतेम सव्वा इंच. शिवाय स्पीडोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवणार, ब्रेकवर ताण येणार. बॉडी वर गेल्यावर स्टिअरिंगचा दांडा, पेट्रोल भरण्याची नळी, अर्थिंगच्या तारा यांचीही लांबी तपासावी लागते. गिअरचा दांडा मात्र तेवढाच आत बुडतो. गुरुत्वमध्य चढतो, तो वेगळाच.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीस न्यावी लागते, हे निराळे सांगायला नको.

“पण पाणी?” हा रुबाबाच्या बाजूचा शेवटचा मुद्दा. 26 जुलै 2005 चा पूर कल्याण-टिटवाळा पट्ट्यातील माणसे विसरलेली नाहीत. वाटेवर पाणी आले तर दोन इंच कामी येणार नाहीत का? नाही येणार. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. तेथे करण्यासारखी गोष्ट एकच, थांबणे.

हे सारे ऐकूनही मन पुरते वळत नव्हते. निकाल लावला तो आईंनी, आणि तोही न बोलता. त्या गाडीत चढताना आम्ही पहिल्यांदाच फूटपट्टीच्या नजरेने पाहिले. एक हात दाराच्या कडेला, दुसरा लेकीच्या खांद्यावर, आणि पायाखाली जेवायला बसायचा लाकडी पाट. ठोकळ्यांचे पन्नास आणि टायरचे तेहेतीस मिळून गाडीचा तळ त्र्याऐंशी मिलिमीटर वर जाणार होता. डिफरन्शिअलला सव्वा इंच मिळावा म्हणून त्या गुडघ्यांना सव्वातीन इंच अधिक चढायला लावायचे!

उन्हाळ्यात आम्ही शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलून वाटेवर मुरूम टाकून घेतला. वरंबा कुदळीने उतरवला, चाकोऱ्या भरल्या, दोन ठिकाणी पाणी काढून द्यायला चर खणला. गाडीला त्याच मापाचे, पण खोल नक्षीचे नवे टायर बसवले. मुरूम दर वर्षी थोडा वाहून जातो आणि दर वर्षी टाकावा लागतो. आईंचा पाट आता मागच्या सीटखाली कायमचा असतो. त्यांच्या स्वयंपाकघरासाठी आम्ही दुसरा आणला, तर तो त्यांना उंच वाटतो.