दुरून दिसलेला रंग

जून २०२०. वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरत होते आणि त्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एकच विषय होता : लोणारचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट-८ या उपग्रहाने २५ मे आणि १० जून रोजी टिपलेली दोन चित्रे मी त्यांना दाखवली. पहिल्यात सरोवर हिरवे, दुसऱ्यात गुलाबी. मधले अंतर १६ दिवसांचे, म्हणजे उपग्रहाच्या एका आवर्तनाचे. आता शंकेला जागा नाही असे वाटून मी ठामपणे सांगून टाकले की, हे शैवालाचेच काम.

पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. ते तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा नितळ झाले.

उपग्रहाचे काही चुकले नव्हते. तो परावर्तित प्रकाश मोजतो. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते, हिरवा त्यामानाने परत पाठवते. या फरकावरून शैवालाचा अंदाज बांधता येतो. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांबरुंद असतो. सुमारे १.२ किलोमीटर व्यासाच्या सरोवराला तो पुरेसा आहे. परंतु ठिपका रंग सांगतो. रंगाचा कर्ता मी माझ्या पदरचा बसवला होता.

आम्हां साहित्याच्या शिक्षकांना ही चूक परकी नाही. कवितेत एखादी छटा दिसली की कवीच्या चरित्रातले कारण तिला चिकटवून आपण मोकळे होतो. संहितेत उतरून नमुना घेणे राहून जाते. लोणारची आख्यायिका या पाण्याला लवणासुराचे रक्त म्हणते. तिला हसण्याचा अधिकार मला उरला नाही. तिने निदान पुराव्याचा आव आणला नव्हता.

पुढच्या तासाला मी चूक कबूल केली. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग ती चित्रे दाखवायलाच नको होती का?"

दाखवायला हवीच होती. अख्ख्या सरोवराचा रंग दोन आठवड्यांत पालटला, हे काठावर उभे राहून इतके स्पष्ट दिसले नसते. कोणता प्रश्न घेऊन पाण्यापाशी जायचे, ते त्या चित्रांनीच ठरवले. मी मात्र काठापर्यंतही न जाता परतलो होतो.

ती चित्रे मी अजूनही दाखवतो. सोबत माझे त्या दिवशीचे वाक्यही सांगतो.