वीज गेल्यावरचा निरोप

मंडळी, नोव्हेंबर २०२१ मधलं 'आर्वेन' वादळ आठवतंय? ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली, काही हजार घरं तर आठवडाभर अंधारात होती. वीज गेली की वायफाय जातं, थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही मान टाकतो. तांब्याच्या तारेचा जुना फोन तेवढा एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा. तोही जानेवारी २०२७ अखेर पूर्ण बंद करायचं ठरलेलं आहे.

आमच्या टेकाडापलीकडे मंडळातले एक काका-काकू राहतात. काकांचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. म्हणून मी 'लोरा' रेडिओंच्या नादी लागलो. (नाद कसला, वेडच, असं सौ. म्हणते.) ८६९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास इथे परवाना लागत नाही. अट एवढीच, की ताकद ५०० मिलीवॉटच्या आत हवी आणि तासातली सहाच मिनिटं प्रक्षेपण करायचं. आवाज जात नाही, फोटोही नाही. फक्त तारेसारखा छोटा मजकूर.

यात दोन पंथ आहेत. २०२० साली सुरू झालेलं 'मेशटास्टिक' वाड्यातल्या बातमीसारखं चालतं: ज्याने ऐकलं तो पुढे सांगतो, सहसा तीन उड्यांपर्यंत. डोंगरात चार मित्र भटकत असतील तर याच्यासारखं सोपं काही नाही, पण शहरात सगळेच बोलू लागले की गोंगाट होतो. २०२५ मधलं 'मेशकोर' डबेवाल्यांच्या वळणाचं. निरोप पुढे फक्त रिपीटरच नेतात, आणि एकदा वाट सापडली की तीच धरतात. मात्र रिपीटर नसेल तर हातातले रेडिओ सहसा एकमेकांच्या मदतीला येत नाहीत. एका गावात दोन मराठी मंडळं असावीत तसे हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत!

मी मेशकोर निवडलं. माळ्यावर बॅटरीसकट रिपीटर बसवला आणि काकूंना कीबोर्डवाला रेडिओ दिला, म्हणजे मोबाईलची कटकट नको. एक खंत आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, तीन बाईट खातं. त्यामुळे इंग्रजीच्या तिसऱ्या हिश्श्यातच आपली मराठी संपते.

हा ९९९ ला पर्याय नव्हे आणि निरोप पोहोचेलच याची हमीही नाही. म्हणून रोज संध्याकाळी सातला काकूंनी 'ठीक' पाठवायचं ठरलंय. सव्वासातपर्यंत आला नाही तर मी बूट चढवून निघतो.