सरवा

ज्वारीची काढणी उरकली, कणसं खुडून खळ्यावर गेली, की आजी रानाकडं पाठ करून बसायची. सिंदफणेच्या काठचं ते काळं रान माजलगावपासून फार लांब नव्हतं. रिकाम्या रानात मग बाया यायच्या, पदराची ओटी खोचून. गळालेली, मातीत तुडवलेली, कडब्याखाली राहून गेलेली कणसं वेचायच्या. आमच्याकडं याला सरवा वेचणं म्हणतात. मी सात-आठ वर्षांचा असेन. एक बाई पेंढीतलंच कणीस ओढतेय हे मला दिसलं आणि मी ओरडलो. आजीनं मागं वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "तिकडं बघू नाही, लेकरा. वाकलेल्या माणसाकडं बघू नाही."

सकाळी कामावरच्या गड्यांना तिचं सांगणं असायचं, की धुऱ्याकडची फार निगुतीनं काढू नका. तेव्हा मला ते निष्काळजीपणाचं वाटे. ते ठरवून सोडणं होतं हे पुष्कळ उशिरा कळलं. सोडायचं, आणि सोडलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही. वेचणारीला वाटलं पाहिजे की हे आपण शोधून काढलं, आपल्या कमरेच्या कळा लागल्या तेव्हा मिळालं.

बायबलच्या जुन्या करारातही शेतकऱ्याला अशीच आज्ञा आहे, की शेताच्या कडा कापू नकोस आणि गळालेलं वेचायला परत जाऊ नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. फ्रेंच चित्रकार मिले यानं १८५७ मध्ये सरवा वेचणाऱ्या तीन बाया रंगवल्या. त्या चित्राची प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दचकलो, कारण त्या आमच्याच रानातल्या वाटल्या. मात्र त्या चित्रात दूर मागं घोड्यावर बसलेला एक माणूस आहे, कामावर नजर ठेवणारा. आमच्या रानात त्या जागी आजीची पाठ होती.

अशी पाठ करून बसणं ती कुठं शिकली, तेही तिनं एकदाच सांगितलं. ७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. चांगल्या बारा एकरांची मालकीण, हातात हातोडी. मिलो नावाची लाल ज्वारी खाल्ली, सुकडीसाठी रांगेत उभी राहिली. भुकेचं तिला फारसं आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की वाटणारा एक माणूस पसरलेल्या पदरावर हात क्षणभर थांबवायचा. चार जणांनी बघावं, मग टाकायचा. "टाकलं तर होतं, पण ते पोटात उतरायचं नाही," ती म्हणायची.

वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेची थोरवी मला या एका वाक्यामुळं समजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि काम मागणं हा माणसाचा हक्क ठरला. त्याआधी दुष्काळात मिळायची ती मेहेरबानी होती. कायद्यानं पसरलेला पदर खाली घ्यायची मुभा दिली. पुढं त्याची अंमलबजावणी कुठं कशी झाली याची चर्चा वेगळी, पण कल्पना उदार होती, आणि उदारपणा कायद्यातही उतरू शकतो हे महाराष्ट्रानं दाखवलं याचा मला मनापासून अभिमान आहे.

लिहून ठेवलेल्या देण्याची एक जुनी खूणही आमच्याच तालुक्यात आहे, गोदावरीच्या काठची पुरुषोत्तमपुरी. तिथं सापडलेला ताम्रपट शके १२३२चा, म्हणजे इ. स. १३१०चा. देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा मंत्री पुरुषोत्तम, त्याच्या नावानं वसवलेला हा अग्रहार, म्हणजे दान दिलेलं गाव. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी त्या ताम्रपटाचं वाचन प्रसिद्ध केलं. दान तांब्यावर कोरलं म्हणून सात शतकं टिकलं, दात्याचं नाव गावाला चिकटलं. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या काळी जमीन दिल्याचा पुरावा नसता, तर घेणाऱ्याचीच पुढं अडचण झाली असती. अधिक महिन्यात तिथं आजही पाय ठेवायला जागा नसते. माणसं गोदावरीत बुडी मारतात, तिथल्या पुरुषोत्तम देवाला धोंड्यांचा नैवेद्य दाखवतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. २०२३च्या अधिक श्रावणात आईला घेऊन गेलो होतो. पायऱ्यांवर ती बराच वेळ बसून राहिली. तिनं तिथं काय दिलं मला माहीत नाही. विचारायचं नसतं हे आता मला ठाऊक आहे.

सगळंच देणं देणं नसतं, हेही याच भागात राहून कळतं. माजलगावच्या धरणात ज्यांची रानं, घरं गेली, त्यांच्या त्यागाची भाषणं मी ऐकली आहेत. त्यांनी दिलं नाही, त्यांच्याकडून घेतलं गेलं. त्याला त्याग म्हटलं की घेणाऱ्याचं ओझं हलकं होतं, एवढंच. आणि मुकादम ऊसतोडीच्या जोडीच्या हातावर आगाऊ ठेवतो ती उचलही तसलीच. अडीअडचणीला, लेकीच्या लग्नाला अगदी वेळेवर मिळते. पण ती कोयत्यानं फेडावी लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आमच्या गल्लीतली अर्धी दारं बंद व्हायची. शेजारचा एक पोरगा म्हाताऱ्या आजोबांजवळ मागं राहायचा. त्याला जेवायला बोलावलं की तो "झालंय" म्हणायचा. चार दिवस आईनं हे ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं त्याला दारातूनच दरडावलं, "अरे, नुसता खेळतोस काय? जा, गिरणीवरून दळण आण." दळण आल्यावर, "आता भाकरी होईस्तोवर थांब, गरम खाऊन जा, माझं काम केलंस." मग रोज काही ना काही निघायचं. कधी तेल संपलेलं असायचं, कधी काडीपेटी. मला राग यायचा, कारण ती कामं माझी होती. आजोबांसाठीचा डबाही त्याच्याच हातून जायचा, "जाता जाता एवढं देऊन ये" म्हणून, जणू ते तिसरंच एखादं काम.

आता तो पोरगा चाळिशीला आलाय, टेम्पो चालवतो. मागच्या वर्षी बसस्टँडवर भेटला. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता म्हणाला, "काकूंचा तेलाचा डबा मी एकदा उघडून पाहिला होता. काठोकाठ भरलेला. तरी दुकानात गेलो. पावशेर आणलं, आणि त्यांच्या हातात देताना म्हटलं, बरं झालं आणलं, नाहीतर स्वैपाकाचा खोळंबा झाला असता."

तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.