बोलत्या चिठ्ठ्यांचा पत्ता

ऐंशीच्या दशकात आखातात गेलेल्या माणसाची खबर घरी दोन वाटांनी यायची. एक पोस्टाची, आणि दुसरी सुट्टीवर येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेतून. आमचे चाचा तेव्हा सौदी अरेबियात जुबेलला होते आणि दादी नंदुरबारला. दादीला लिहितावाचता येत नव्हतं. दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेल्या चिठ्ठीत मनातलं सांगणं तिला जमत नव्हतं. म्हणून चाचांनी पहिल्याच सुट्टीत टेपरेकॉर्डर आणला आणि आमच्या घरची चिठ्ठी बोलू लागली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू दादी भरायची. जुबेलला जाणारा कुणी भेटला की त्याच्याबरोबर ती जायची. चाचा रात्री खोलीवर ती ऐकायचे, दुसऱ्या बाजूवर जवाब भरायचे, आणि तीच कॅसेट घरी परत यायची. अशा एक्केचाळीस कॅसेट आमच्या लोखंडी पेटीत निघाल्या.

त्यांत काय नाही? मिरचीचा भाव आहे. नंदुरबारच्या घरात मिरचीच्या भावाशिवाय बोलणं सुरूच होत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचं मोडलं, पाठवलेले पैसे कुठे खर्च झाले याचा पै-पैचा हिशोब आहे. दादी एरवी खानदेशी वळणाची दखनी बोलायची, पण रागावली की अहिराणीवर यायची. मोठ्या चाचीवर ती दहा मिनिटं रागावली आहे, तेही आहे. मधेच ताप्ती लाइनच्या गाडीची शिट्टी ऐकू येते. फुफीच्या लग्नाला चाचांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मेंदीच्या रात्री बायकांनी ढोलक घेऊन म्हटलेली गाणी एका कॅसेटमध्ये भरून पाठवली होती. ती गाणी म्हणणाऱ्यांपैकी आज दोघीच हयात आहेत.

काही कॅसेटवर पांढरी बुरशी धरली होती. टेपरेकॉर्डरला वायर लावून ती संगणकाला जोडली, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं, आणि आम्ही भावंडं आळीपाळीने बसलो. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. या कामाला घाई चालत नाही.

मग प्रश्न आला, हे ठेवायचं कुठे? भाचे म्हणाले, यूट्यूबवर टाका, जगाला ऐकू द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाका असंही एकाने सुचवलं. फुफीने दोन्ही गोष्टी एका वाक्यात संपवल्या: "घर की बात है, घर में रहने दो." तिचं म्हणणं आम्हाला पटलं. मेंदीच्या रात्रीची गाणी अंगणात, बायकांबायकांत म्हटलेली होती. पैशांचा हिशोब आणि चाचीवरचा राग फक्त मुलासाठी होता. एकदा फॉरवर्ड झालेली गोष्ट कुणाच्या हाती जाईल, हे मग आपल्या हाती राहत नाही. पण लोखंडी पेटी बंद करून ठेवणं म्हणजेही ते आवाज पुरल्यासारखंच. आवाज घरात राहावेत, आणि घरची माणसं जिथे असतील तिथे त्यांना ऐकू यावेत, अशी वाट हवी होती. चाचा आता सुरतला मुलाकडे असतात. आजारपणामुळे त्यांचा प्रवास बंद झाला आहे. त्यामुळे फार दिवस थांबून चालणार नव्हतं.

घरातला जुना संगणक घेतला, त्यात मोठी हार्ड डिस्क बसवली, लिनक्स टाकलं आणि त्यावर जेलीफिन चढवलं. जेलीफिन म्हणजे घरच्या ध्वनिफिती आणि व्हिडिओ मांडून ठेवणारं, मागेल त्याला ऐकवणारं सॉफ्टवेअर. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपली संहिता बंद केली तेव्हा, २०१८ च्या डिसेंबरात, काही लोकांनी वेगळं होऊन ते सुरू केलं. ते मोफत आहे आणि खुलं आहे. प्लेक्स हे याच कामाचं जास्त प्रसिद्ध सॉफ्टवेअर, पण २०२५ च्या एप्रिलअखेरीपासून त्यात घराबाहेरून आपलंच साठवण पाहायलाही पैसे भरावे लागतात. दादीचा आवाज ऐकण्यासाठी दर महिन्याला कुणाला भाडं द्यायची आमची तयारी नव्हती.

घरात सगळं झकास चाललं. फोनवर १९२.१६८.१.२० हा पत्ता आणि ८०९६ हा पोर्ट टाकला की दादी बोलायला लागायची. सुरतहून मात्र पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा: बिघाड यंत्रात आहे की वाटेत? त्याची परीक्षा सोपी आहे. घरातच बसून फोनचं वायफाय बंद करायचं आणि मोबाईलच्या डेटावर तेच उघडून पाहायचं. वायफायवर दादी बोलत होती, डेटावर गप्प होती. म्हणजे यंत्र ठीक होतं, वाट अडली होती.

मग एकेक पायरी घेतली. वीज गेली आली की राउटर संगणकाला नवा पत्ता देऊ शकतो, म्हणून राउटरमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ८०९६ चं दार मोकळं केलं. राउटरला सांगितलं, बाहेरून या दारावर कुणी आलं की त्याला या संगणकाकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. हे सगळं नीट झालं, तरी सुरतला चक्रच फिरत होतं.

तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या बाजूचा पत्ता लिहिलेला असतो, तो एक. आणि बाहेरच्या जगाला आपण कोणत्या पत्त्यावरून दिसतो, तो दुसरा. हे दोन्ही सारखे असतील तर घराला स्वतःचा पत्ता आहे. आमचे वेगळे निघाले. राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ७२ होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास राखून ठेवले गेले आहेत. इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या जाळ्याच्या आतल्या आत वापरावेत म्हणून. बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नाही. थोडक्यात, आमच्यासारखी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे दाटीवाटीने राहत होती. आम्ही आमच्या खोलीचं दार सताड उघडलं होतं, पण वाड्याचा मोठा दरवाजा बंद होता आणि त्याची किल्ली आमच्याकडे नव्हती. याला सीजीनॅट म्हणतात. कायमचा स्वतंत्र पत्ता मिळेल का, असं आमच्या इंटरनेटवाल्याला विचारलं, तर उत्तर आलं की तुमच्या भागात ती सोय नाही.

ही टंचाई आली कुठून? इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत १९८१ साली ठरली. तिच्यात एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते अमाप वाटले असतील, कारण सुरुवातीला वाटप अगदी सढळ हाताने झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाला, अ‍ॅपल आणि फोर्ड या कंपन्यांना एकेक सबंध गट्ठा मिळाला. एका गट्ठ्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते. २०११ च्या जनगणनेत आमच्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. म्हणजे एका विद्यापीठाकडे आमच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या दहापट पत्ते होते. त्यातले काही त्याने २०१७ साली विकायलाही काढले. २०११ च्या ३ फेब्रुवारीला जगाच्या कोठारातले शेवटचे गट्ठे वाटून झाले. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला दाटीवाटीचा वाडाच आला.

याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना देशात सर्वांत आधी बारा आकडी नंबर मिळाला, पण आमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा नंबर नाही. नंबर मिळाला म्हणजे माणूस मोजला जातो. पत्ता मिळाला तर त्याच्याकडे कुणी येऊ शकतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला या खटपटीत कळलं.

पत्त्यांची नवी पद्धत आहे, आयपीव्ही ६. तिच्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही, आणि आपल्या देशात मोबाईलवर ती बरीच पसरली आहे. चाचांच्या मुलाच्या फोनला तसा पत्ता होता. आमच्या घराच्या जोडणीला नव्हता. वाट दोन्ही टोकांना हवी.

शेवटी उपाय निघाला तो उलटा विचार केल्यावर. वाड्याचा दरवाजा बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. मग बाहेरच्याने यायची वाट का पाहायची? घरानेच आधी बाहेर हाक मारावी. टेलस्केल नावाची सोय नेमकी हेच करते. घरचा संगणक आणि सुरतचा फोन, दोघेही आपापल्या बाजूने बाहेर जाऊन एका मध्यस्थाला आपला ठावठिकाणा सांगतात. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. मग दोघे शक्यतो थेट बोलतात, आणि थेट जमलं नाही तर मधल्या एका ठिकाणावरून बोलणं पुढे पोचवलं जातं. बोलणं कुलूपबंद असतं. ते मधल्या माणसाला उघडता येत नाही. या कुलुपाचं नाव वायरगार्ड. २०२० च्या मार्चमध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालं. घरगुती वापरासाठी टेलस्केलचा मोफत प्रकार आहे. राउटरमधलं उघडं दार आम्ही पुन्हा बंद करून टाकलं. उघडी दारं शोधत फिरणारी यंत्रं इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. आता आत येतो तो फक्त ज्याच्या फोनला आम्ही घरचा मानलं आहे तोच.

पहिल्या दिवशी आवाज अडखळला नाही, लग्नाची व्हिडिओ कॅसेट मात्र अडखळली. घरून बाहेर जाणारा वेग बाहेरून आत येणाऱ्या वेगापेक्षा कमी होता. जेलीफिनमध्ये घराबाहेरच्या प्रक्षेपणाला वेगाची मर्यादा घातली आणि ते चित्रही चालू लागलं. विजेचा इलाजही करावा लागला. वीज परतली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय त्याच्या मूळ सेटिंगमध्ये असते. ती लावली आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतला.

चाचांनी सुरतला कानाला फोन लावला. दादी विचारत होती, "रोटी खुद बनाता क्या रे तू? के होटल का खाता?" चाचा म्हणाले, "खुद बनाता अम्मा." मग ते बराच वेळ ऐकत राहिले. बाजू संपल्यावर मुलाने विचारलं, आता तुमचा जवाब लावू का? ते म्हणाले, "मेरा रहने दे. मेरे को मालूम है मैंने क्या बोला था. इसकी अगली लगा." तेव्हापासून रोज रात्री इशानंतर एक बाजू, हा त्यांचा नेम झाला आहे. घरच्या पडद्यावर आम्हाला दिसतं की सुरतहून कुणीतरी ऐकतं आहे. तेवढ्यावरून चाचांची तब्येत आज बरी आहे हेही कळतं.

आता काळजी पुढची आहे. हार्ड डिस्क आज ना उद्या जाणारच, म्हणून सगळ्याची एक प्रत आपाकडे दुसऱ्या डिस्कवर ठेवली आहे. पासवर्ड आणि पायऱ्या एका वहीत लिहिल्या आहेत, मराठीत आणि उर्दूत, कारण पुढे ही वही कुणाच्या हाती जाईल आणि त्याला कोणती लिपी येत असेल, हे सांगता येत नाही. भाचीने ते काम स्वतःहून मागून घेतलं आहे. महिन्यातून एकदा ती मोबाईलच्या डेटावरून वाट चालू आहे ना, ते तपासते.

दोन कॅसेट अजून वाजायच्या आहेत. त्यांच्या फिती मधेच तुटल्या आहेत. एकीवर दादीच्या सांगण्यावरून कुणीतरी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे: "जरूरी".