उजेडाची अडचण

ध्रुवीय प्रकाशावर चिडलेला माणूस मी प्रथम पाहिला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, नॉर्वेतील ट्रोम्सो येथे. आणि तो माझा धाकटा भाऊ होता.

ट्रोम्सो सुमारे सत्तर उत्तर अक्षांशावर आहे. आमच्या साताऱ्याच्या गच्चीवरून क्षितिजापासून जेमतेम सतरा-अठरा अंशांवर दिसणारा ध्रुवतारा तिथे बराच वर, माथ्याकडे सरकलेला असतो. त्या गच्चीवर बाबांनी आम्हां भावंडांना दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका दाखवली होती : बोटाने पुसल्यासारखा एक धुरकट ठिपका. 'हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय,' असे ते म्हणाले होते. आता बाबांची दृष्टी मंदावत चालली आहे. ती पुरती जाण्यापूर्वी देवयानीचे मोठे छायाचित्र त्यांच्या हाती द्यावे, हा भावाचा ध्यास.

त्या रात्री क्वालोया बेटावर त्याने कॅमेरा लावला. तीन-तीन मिनिटांची चाळीस छायाचित्रे घ्यायची आणि ती एकावर एक रचायची, म्हणजे अंधूक दीर्घिका उमटू लागते. दहा-बारा झाली असतील, तोच उत्तरेकडून एक हिरवा पट्टा उठला आणि पाहता पाहता माथ्यावर येऊन पडद्यासारखा हलू लागला. मी स्तब्ध झाले. "आला बघ ताई, पुन्हा!" भाऊ म्हणाला. दारात सावकार उभा राहिल्यासारखा त्याचा स्वर होता.

शहराचा उजेड बराचसा स्थिर असतो. तो संगणकावर पुष्कळसा वजा करता येतो. परंतु शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर प्राणवायूच्या अणूंतून निघणारा हा हिरवा प्रकाश प्रत्येक छायाचित्रात रूप पालटतो. डोळ्यांना न जाणवण्याइतका फिका असला तरी कॅमेरा त्याला टिपतो. उन्हाळ्यात तिथे रात्र काळोखी होतच नाही. इतर वेळी ढग. ढग नसतील तेव्हा हा. त्यातून तो काळ सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातील ऐन भराचा.

वर्गात कविता शिकवताना असेच होते. सर्वांना पाठ असलेली एक ओळ आली की मुले तिच्यापाशीच थांबतात. तिच्यामागची मंद ओळ कुणाला दिसत नाही. ती तेजस्वी ओळ खोटी असती तर प्रश्न सोपा होता. ती खरी असते, सुंदर असते, हीच अडचण. मुलांना बोलणारी मी त्या रात्री हिरव्या आकाशाखाली तासभर उभी होते, आणि मला देवयानीची आठवणही झाली नाही.

पहाटे भावाने सामान आवरले. "बाबांना काही सांगू नकोस," एवढेच तो म्हणाला. मी सांगितले. फोनवर बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बिघडलेल्यांतलंच एक पाठवा. कुठं बघायचं ते मला ठाऊक आहे."